मेनफ्रेमवर नवीन आहात? आधी पीडीएसची डिरेक्टरी समजून घ्या

इंजिनिअरिंग संपवून पुण्या-मुंबईत जॉईन झालेल्या बऱ्याच पोरापोरींना ट्रेनिंगमधे जावा नाहीतर पायथन शिकवतात आणि मग एक दिवस कळतं की प्रोजेक्ट मेनफ्रेमचा आहे. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, सगळं कीबोर्डवर. कोबोल महिन्या-दीड महिन्यात हाताला बसतं, जेसीएल, म्हणजे जॉब चालवायच्या सूचना, दुसऱ्याचं बघून बघून येतं, पण फाईली नक्की कुठे राहतात, कशा सापडतात, आणि कालपर्यंत दहा मिनिटांत संपणारा जॉब आज अर्धा तास का घेतोय, हे शेजारी बसून कोणी सांगत नाही. मला पण कोणी सांगितलं नव्हतं, चुका करत करत कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. हे सगळं आयबीएमच्या झेड/ओएस बद्दल आहे, आपल्याकडे बँका आणि इन्शुरन्सच्या प्रोजेक्टवर बहुतेक तेच असतं.

पायरी १ : फोल्डर डोक्यातून काढा

विंडोज आणि लिनक्सची सवय असली की डेटासेटच्या (मेनफ्रेमवर फाईलला हेच म्हणतात) नावातले डॉट बघून वाटतं की हे फोल्डरच आहेत, एकात एक. तसं अजिबात नाही. ते सगळं मिळून एकच नाव आहे, जास्तीत जास्त ४४ अक्षरांचं, आणि दोन डॉटमधला प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ८ अक्षरांचा.

मग सिस्टीमला फाईल सापडते कशी? आधी कॅटलॉग बघितला जातो, तो फक्त एवढंच सांगतो की हा डेटासेट अमुक व्हॉल्यूमवर, म्हणजे डिस्कवर, आहे. मग त्या व्हॉल्यूमवरचा व्हीटॉक, म्हणजे त्या डिस्कचा सातबारा समजा, तो सांगतो की नक्की कुठल्या ट्रॅकपासून कुठपर्यंतची जागा या डेटासेटच्या नावावर आहे. साधी सिक्वेन्शियल फाईल असेल तर काम इथेच संपलं. पण तुमचा सोर्स, कॉपीबुक (अनेक प्रोग्राममधे वापरायचा सामाईक कोड), जेसीएल, प्रॉक (जेसीएलचा तयार तुकडा), लोड मॉड्यूल (चालवायला तयार प्रोग्राम) हे सगळं पार्टिशन्ड डेटासेटमधे म्हणजे पीडीएसमधे (बोलताना लायब्ररी) असतं, एका डेटासेटच्या पोटात शेकडो मेंबर, आणि त्यातला तुमचा मेंबर कुठे आहे हे सांगायला तिसरा थांबा लागतो, तो म्हणजे पीडीएसची स्वतःची डिरेक्टरी. पहिल्या दोन थांब्यांची काळजी स्टोरेजवाली टीम घेते, तिसरा मात्र बऱ्याचदा तुमच्या हातात असतो.

पायरी २ : डिरेक्टरी दिसते कशी ते समजून घ्या

शाळेत नवीन वही आणली की पहिली दोन पानं अनुक्रमणिकेसाठी सोडायचो आठवतंय? धड्याचं नाव, पान नंबर, बाईंची सही. पीडीएस अगदी तशीच आहे. डेटासेटच्या सुरुवातीलाच काही ब्लॉक डिरेक्टरीसाठी राखून ठेवलेले असतात आणि त्यांच्यामागे सगळ्या मेंबर्सचा डेटा. वहीची पुढची दोन पानं भरली की उरलेली वही कोरी असली तरी अनुक्रमणिकेत नवीन ओळ लिहिता येत नाही, इथेही तेच होतं. किती ब्लॉक सोडायचे ते डेटासेट बनवतानाच सांगावं लागतं आणि नंतर ते वाढवता येत नाहीत.

एक डिरेक्टरी ब्लॉक २५६ बाईटचा असतो. त्यातले पहिले २ बाईट "या ब्लॉकमधे किती वापरलंय" हे सांगतात, उरले २५४. एका मेंबरची कमीत कमी एंट्री १२ बाईटची : ८ बाईट नाव, ३ बाईट पत्ता म्हणजे डेटासेटच्या सुरुवातीपासून कितव्या ट्रॅकवर कितवा रेकॉर्ड, आणि १ बाईटमधे हा एलियास (त्याच मेंबरचं दुसरं नाव) आहे का, मागे अजून किती माहिती जोडली आहे, असल्या खुणा. पण आपण आयएसपीएफमधून, म्हणजे मेनफ्रेमच्या मेनू आणि एडिटरमधून, एडिट करतो तेव्हा प्रत्येक मेंबरला स्टॅटिस्टिक्स लागतात, म्हणजे कोणी बदलला, कधी बदलला, किती ओळी वगैरे, त्याचे अजून ३० बाईट. झाले ४२. २५४ ला ४२ ने भागा, एका ब्लॉकमधे ६ मेंबर. हा ६ चा आकडा पाठच करून ठेवा. स्टॅटिस्टिक्स नसतील तर त्याच ब्लॉकमधे २१ मेंबर बसतात. लोड लायब्ररीचा हिशोब वेगळा, तिथे एंट्रीत मॉड्यूलची माहिती असते.

अजून एक महत्त्वाची गोष्ट, एंट्र्या कायम नावाच्या क्रमाने लावलेल्या असतात. तुम्ही कुठल्या क्रमाने मेंबर बनवले त्याला काही अर्थ नाही. प्रत्येक ब्लॉकच्या डोक्यावर ८ बाईटची की असते, त्यात त्या ब्लॉकमधल्या शेवटच्या मेंबरचं नाव असतं. सिस्टीमला मेंबर हवा असला की ती पहिल्या ब्लॉकपासून की बघत पुढे जाते आणि जिथे की आपल्या नावाइतकी किंवा त्याहून मोठी दिसली तो ब्लॉक वाचते. सुरुवात मात्र दर वेळी पहिल्या ब्लॉकपासून, मधेच उडी मारायची सोय नाही. स्पीडचा विषय पुढे येईल तेव्हा हे आठवा.

पायरी ३ : तुमच्या लायब्ररीची तब्येत बघा

वाचता वाचता करून बघा. आयएसपीएफच्या मेनूत ३.४ ला जा, तुमच्या लायब्ररीचं नाव टाका, यादीत तिच्यासमोर आय टाईप करून एंटर. जी स्क्रीन येईल तिथे किती डिरेक्टरी ब्लॉक दिलेत, किती वापरलेत, मेंबर किती, एक्स्टेंट (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) किती, सगळं दिसतं. दिलेल्या ५० पैकी ४८ वापरलेले दिसले तर दोन-चार दिवसांत कोणाची तरी संध्याकाळ खराब होणार आहे. माझ्या टीममधे नवीन येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो, टीमच्या चार-पाच लायब्रऱ्यांचे हे आकडे वहीत लिहून घे म्हणतो, कारण एकदा हे आकडे स्वतः बघितले की डिरेक्टरी ही खरीखुरी गोष्ट वाटायला लागते.

पायरी ४ : नवीन लायब्ररी बनवताना हिशोब करा

जेसीएलमधे स्पेस पॅरामीटरला तीन आकडे देता येतात : प्रायमरी, सेकंडरी आणि डिरेक्टरी ब्लॉक. म्हणजे ५ कॉमा २ कॉमा ५० दिलं तर ५ सिलिंडर (डिस्कवरच्या जागेचं माप) आधी, लागतील तशी २-२ सिलिंडर नंतर, आणि ५० डिरेक्टरी ब्लॉक. तिसरा आकडा विसरलात आणि बाकी कुठे पार्टिशन्ड असं लिहिलेलं नसेल तर सरळ सिक्वेन्शियल फाईल बनते, आणि मग मेंबरचं नाव देऊन उघडायला गेलात की जॉब ०१३ या एरर कोडने पडतो. नवीन पोरांची ही चूक मी इतक्या वेळा बघितली आहे की आता लांबूनच ओळखतो. आयएसपीएफच्या ३.२ मधून बनवलीत तर डिरेक्टरी ब्लॉकचा रकाना समोरच असतो.

किती द्यायचे? दोन वर्षांनी किती मेंबर होतील याचा अंदाज घ्या, ६ ने भागा, वर तीस-चाळीस टक्के सोडा. एलियासलाही स्वतंत्र एंट्री लागते हे धरा. ३०० मेंबर होणार असतील तर साधारण ५० ब्लॉक लागतात, मी ७० देईन. ३३९० डिस्कच्या एका ट्रॅकवर ४५ डिरेक्टरी ब्लॉक बसतात, त्यामुळे ७० ऐवजी ९० दिले तरी दोनच ट्रॅक जातात, ४५ च्या पटीत दिलं की ट्रॅकचा तुकडा वाया जात नाही. पण "असू देत" म्हणून १००० ब्लॉक देऊ नका, ती जागा तुमच्या प्रायमरीतूनच कापली जाते.

पायरी ५ : डिरेक्टरी भरली तर घाबरू नका

माझ्या पहिल्या प्रोजेक्टवर कॉपीबुकची लायब्ररी कोणीतरी १० डिरेक्टरी ब्लॉक देऊन बनवली होती. शुक्रवारी संध्याकाळी नवीन कॉपीबुक टाईप केलं, तास-दीड तासाचं काम, सेव्ह केलं तर होईना. जुने मेंबर सगळे मजेत सेव्ह होत होते, नवीन तेवढा होत नव्हता. मला वाटलं माझा ॲक्सेस गेला. शेवटी सीनियर सर आले, मेंबर मोजले, ५९ निघाले. दहा सक साठ, मग साठावा का नाही? कारण डिरेक्टरीच्या शेवटी "इथे संपलं" अशी एक खूण असते, तिलाही एंट्रीसारखीच जागा लागते, त्यामुळे शेवटच्या ब्लॉकमधे ५ च मेंबर बसतात. सर म्हणाले, "अरे डिरेक्टरी फुल आहे, तुझा ॲक्सेस ठीक आहे." ते ५९ मी अजून विसरलो नाहीये.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे टाईप केलेलं वाचवणं. एडिट स्क्रीनमधून बाहेर पडू नका, कॅन्सल तर मुळीच करू नका. सगळ्या ओळी ब्लॉक-कॉपीने मार्क करा आणि क्रिएट कमांड देऊन दुसऱ्या कुठल्यातरी लायब्ररीत, स्वतःच्या पर्सनल लायब्ररीत टाका. मग निवांत बघा.

बॅचमधे हेच झालं तर जॉब बी१४ ने पडतो, रीझन कोड झिरो-सी. आणि इथे सगळ्यात कॉमन गैरसमज आहे, लोक लगेच म्हणतात "कॉम्प्रेस मार". कॉम्प्रेसने डिरेक्टरीत एक ब्लॉकही वाढत नाही! कॉम्प्रेस डेटाच्या जागेसाठी असतं. डी३७, ई३७ आलं तर जागा संपली, तिथे कॉम्प्रेस कामाला येतं. बी१४ आलं तर अनुक्रमणिका संपली, तिथे दोनच उपाय, एकतर नको असलेले मेंबर डिलीट करा, एंट्री लगेच मोकळी होते, किंवा जास्त ब्लॉकची नवीन लायब्ररी बनवून आयईबीकॉपी या कॉपी करायच्या युटिलिटीने सगळे मेंबर तिकडे न्या, मग जुनीचं नाव बदला आणि नवीनला जुनं नाव द्या. कोणी ती लायब्ररी उघडून बसलं असेल तर रीनेम होणार नाही, म्हणून टीमला आधी सांगा, शक्यतो लंच टाईमला करा.

पायरी ६ : कॉम्प्रेस कधी आणि कसं

मेंबर एडिट करून सेव्ह केला की नवीन कॉपी जुन्याच्या जागी लिहिली जात नाही. ती डेटासेटच्या शेवटी लिहिली जाते आणि डिरेक्टरीतला पत्ता बदलून तिकडे केला जातो. जुनी कॉपी तिथेच पडून राहते, कोणाच्या उपयोगाची नाही पण जागा अडवून. दिवसातून वीस वेळा सेव्ह करणारी टीम असेल तर लायब्ररी बघता बघता फुगते, एक्स्टेंट वाढत जातात आणि १६ एक्स्टेंट झाले की पीडीएस संपली.

कॉम्प्रेस म्हणजे जिवंत मेंबर पुढे सरकवून मधली मेलेली जागा काढणं. ३.४ मधे लायब्ररीसमोर झेड टाकलं की होतं, बॅचमधे आयईबीकॉपीला इनपुट-आऊटपुट दोन्हीकडे तोच डेटासेट द्यायचा. दोन गोष्टी पाळा. आधी बॅकअप कॉपी, कारण कॉम्प्रेस जागच्या जागी चालतं आणि मधेच जॉब कॅन्सल झाला किंवा सिस्टीम पडली तर लायब्ररीचं काय होईल सांगता येत नाही. आणि डिस्पोझिशन ओल्ड ठेवा, शेअर नाही, म्हणजे त्या वेळात दुसरं कोणी आत असणार नाही. दुसऱ्याच्या, त्यातही प्रॉडक्शनच्या लायब्ररीला विचारल्याशिवाय कॉम्प्रेस करू नका, का ते आठव्या पायरीत सांगतो.

पायरी ७ : आता स्पीड

शोध दर वेळी पहिल्या ब्लॉकपासून सुरू होतो हे लक्षात आहे ना? समजा २००० मेंबर, स्टॅटिस्टिक्ससकट. म्हणजे ३३४ ब्लॉक, म्हणजे साधारण साडेसात ट्रॅक, आठ धरा. खऱ्या ३३९० डिस्कला एक फेरी मारायला १४.१ मिलिसेकंद लागायचे. झेडने सुरू होणारा मेंबर शोधायचा तर आठ फेऱ्या, म्हणजे ११० मिलिसेकंदांच्या पुढे, आणि त्या सगळ्या वेळात डिस्क आणि चॅनल अडकलेलं, दुसऱ्याचं काम तिष्ठत. हजार वेळा असा शोध घेतला तर पावणेदोन-दोन मिनिटं निव्वळ पत्ता शोधण्यात गेली, वाचायला तर अजून सुरुवातच नाही. आता मागे कॅश असलेली स्टोरेज असतात, ३३९० फक्त नावाला आणि हिशोबाला उरलंय, फेरीचा वेळ राहिला नाही. पण प्रत्येक शोधाचं आय/ओ राहिलंच आहे, आणि बॅच विंडो चार तासांची असली की तेही जाणवतं.

लिहिताना उलटं होतं. नवीन मेंबर क्रमात बसवायचा म्हणजे त्याच्या मागच्या सगळ्या एंट्र्या पुढे सरकवून परत लिहाव्या लागतात. ए ने सुरू होणारा नवीन मेंबर टाकला तर जवळजवळ अख्खी डिरेक्टरी नव्याने लिहिली जाते. दोन हजार मेंबरच्या लायब्ररीत रोज नवीन टेंपररी मेंबर बनवणारे आणि उडवणारे जॉब मी बघितलेत, ते स्वतःसाठीच नाही तर सगळ्यांसाठी जड पडतात. असल्या कामाला वेगळी छोटी लायब्ररी द्या.

पण खरा वेळ जातो स्टेपलिबमधे, म्हणजे प्रोग्राम कुठल्या लायब्रऱ्यांत शोधायचे ती जेसीएलमधली यादी. जेसीएल कॉपी होत होत प्रत्येकजण आपली एक लायब्ररी जोडत जातो, काढत कोणीच नाही, आणि एक दिवस स्टेपलिबखाली बारा डीडी, म्हणजे लायब्रऱ्यांच्या ओळी, उभे असतात. तुमचा कोबोल प्रोग्राम डायनॅमिक कॉल करतो (चालता चालता दुसरं मॉड्यूल बोलावतो) तेव्हा मॉड्यूल आधीपासून मेमरीत नसेल तर पहिल्या लायब्ररीची डिरेक्टरी, नाही सापडलं, दुसरीची, नाही सापडलं, तिसरीची असं होतं. आणि कोबोलची स्वतःची रनटाईम मॉड्यूल तर स्टेपलिबनंतर एलपीए आणि लिंकलिस्टमधे (सिस्टीमच्या सामाईक मॉड्यूलच्या जागा) सापडायची असतात, म्हणजे त्या प्रत्येकासाठी आधी बाराच्या बारा डिरेक्टऱ्या उगाच चाळल्या जातात.

तेव्हा एक संध्याकाळ काढा आणि आपल्या रोजच्या जॉबचा स्टेपलिब बघा. प्रत्येक लायब्ररीतून खरंच काही लोड होतं का ते तपासा, नसेल तर काढा. ज्यातून सगळ्यात जास्त मॉड्यूल येतात ती वर घ्या. मात्र वर-खाली करताना सांभाळून, एकाच नावाचं मॉड्यूल दोन लायब्रऱ्यांत असेल तर आधी जी येईल तिच्यातलंच चालणार, टेस्टचं मॉड्यूल प्रॉडक्शनला चालण्याचे प्रकार यातूनच होतात.

पायरी ८ : एलएलए, आणि जुना पत्ता

दर वेळी डिस्कवर जाऊन डिरेक्टरी चाळायला नको म्हणून सिस्टीममधे लायब्ररी लुकअसाईड, सगळे एलएलएच म्हणतात, असतं. ठरवून दिलेल्या लायब्रऱ्यांच्या डिरेक्टऱ्या ते मेमरीत ठेवतं, आणि वारंवार लागणारी मॉड्यूल पण व्हीएलएफ या सिस्टीमच्या कॅशमार्फत मेमरीत ठेवायची सोय आहे. लिंकलिस्टमधल्या लायब्रऱ्या आपोआप त्यात येतात, इतर हव्या असतील तर सिस्टीम प्रोग्रामरला सांगून घालून घ्याव्या लागतात. जास्त वापराच्या, क्वचित बदलणाऱ्या लोड लायब्ररीसाठी याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही.

पण मेमरीतली डिरेक्टरी ही कॉपी आहे. एका रात्री आम्ही प्रॉडक्शनला फिक्स टाकला, कंपाईल क्लीन, टेस्टिंग झालेलं, मॉड्यूल लिंकलिस्टच्या लायब्ररीत गेलेलं, आणि बॅच परत त्याच जागी पडली. दोन तास आम्ही सोर्स वाचत होतो! मग एकीने डंपमधली कंपाईलची तारीख बघितली, ती जुनी होती. नवीन मॉड्यूल लायब्ररीच्या शेवटी लिहिलं गेलं होतं, डिस्कवरच्या डिरेक्टरीत नवीन पत्ता होता, पण एलएलएकडे जुनाच पत्ता, आणि जुनी कॉपी त्या जागी अजून पडलेलीच होती, त्यामुळे सिस्टीम इमानदारीत तीच चालवत होती. ऑपरेटरला एलएलए रिफ्रेश द्यायला सांगितलं आणि पुढच्या रनला जॉब पास.

आता विचार करा, त्याच दोन तासांत कोणी ती लायब्ररी कॉम्प्रेस केली असती तर? मेंबर सरकले असते, जुन्या पत्त्यावर भलतंच काहीतरी आलं असतं, आणि तिथून मॉड्यूल आणायला गेलेले जॉब १०६ ॲबेंडने (जॉब मधेच पडल्याचा कोड) धडाधड पडले असते. लिंकलिस्टची लायब्ररी वाढून नवीन एक्स्टेंटमधे गेली तरी १०६ येतो. म्हणून प्रॉडक्शनच्या लोड लायब्ररीत बदल केला की रिफ्रेश झालं का हे विचारा, आणि चालू सिस्टीमवर तिला कॉम्प्रेस करायचं नाही म्हणजे नाही.

पायरी ९ : पीडीएसई घ्यायची का

बहुतेक वेळा हो. ३.२ मधे डेटासेट नेम टाईपला लायब्ररी लिहिलं की पीडीएस ऐवजी पीडीएसई, म्हणजे पीडीएसची सुधारित आवृत्ती, बनते. तिची डिरेक्टरी सुरुवातीला गोठवलेली नसते, ४०९६ बाईटच्या पानांवर इंडेक्ससारखी पसरलेली असते, लागेल तशी वाढते आणि शोध सुरुवातीपासून चाळत न जाता इंडेक्समधून थेट जातो. ३.४ मधे आय टाकून बघा, डिरेक्टरी ब्लॉकच्या जागी नोलिमिट दिसेल. डिलीट केलेल्या मेंबरची जागा आपोआप परत वापरली जाते, कॉम्प्रेसची गरज नाही, एक्स्टेंट १२३ पर्यंत. पीडीएसमधे दोन जॉब शेअर डिस्पोझिशनने एकाच वेळी लिहायला गेले की दुसरा २१३ ने पडतो, पीडीएसईमधे दोघं दोन वेगळे मेंबर आरामात लिहितात. आणि एंटरप्राईझ कोबोल ५ पासून, म्हणजे २०१३ पासून, एक्झिक्युटेबल पीडीएसईमधेच जावं लागतं, त्यामुळे जुनी लोड लायब्ररी घेऊन नवीन कंपायलरवर गेलात तर बाईंडच्या (एक्झिक्युटेबल बनवायच्या) स्टेपलाच अडाल.

एकच ठिकाणी हात आखडता घ्या. एकाच सिसप्लेक्समधे (एकत्र जोडलेल्या सिस्टीमच्या गटात) नसलेल्या दोन सिस्टीममधून एकच पीडीएसई वापरायची असेल तर नको, एकीने लिहिलं की दुसरीला कळत नाही आणि डेटासेट करप्ट होतो. तिथे अजून साधी पीडीएसच ठेवतात, आणि तिथे तुम्हाला तो ६ चा आकडा लागेल.